कुडाची भिंत आणि घराची निगा : जव्हार-मोखाड्यातील गृहसजावटीविषयी

गृहसजावटीचा विचार आज बहुधा घर बांधून झाल्यावर सुरू होतो. भिंती उभ्या राहतात, रंग दिला जातो, सामान येते आणि मग कोणता कोपरा कसा दिसावा, कोणत्या भिंतीवर काय टांगावे, याची चर्चा होते. त्याच सुमारास, गेल्या काही दशकांत, सजगपणे जगण्याची म्हणजे हाताखालचे काम लक्ष देऊन करण्याची आणि वस्तूंचा पसारा आवरण्याची शिकवण शहरी वाचकांपर्यंत पोहोचली असून सजावटीच्या पुस्तकांनी तीही आपल्यात सामावून घेतली आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील कुडाच्या घरांकडे पाहू लागले, की घर आणि त्याची सजावट यांची ही फारकत टिकत नाही; कारण तिथे सारवणे, डागडुजी करणे, गेरू देणे आणि चित्र काढणे ही एकाच कामाची अंगे आहेत, आणि ते काम दर वर्षी नव्याने करावे लागते. या घरांची शोभा त्यांच्या निगेतूनच येते आणि निगा थांबली की शोभाही जाते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसलेले जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. महादेव कोळी समाजातील या घराण्याचे राज्य 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात राहिला आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेला. जव्हारच्या पूर्वेला मोखाडा तालुका आहे आणि त्यापलीकडे घाट चढून नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वराचा मुलूख लागतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या समाजांची येथे वस्ती असून भात, नागली, वरई आणि उडीद ही पावसावरची पिके डोंगरउतारांवर घेतली जातात. पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात कोरडे पडलेले झरे व विहिरी, अशी या प्रदेशाची विषम रीत आहे. घर कशाचे बांधायचे, ते कधी सारवायचे आणि भिंतीवर कधी चित्र निघायचे, हे सारे या दोन टोकांच्या मधल्या काळात बसवावे लागते.

कूड म्हणजे काठ्यांची किंवा कामट्यांची, वर माती लिंपलेली भिंत. घराचा भार लाकडी मेढींवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या दुबेळक्या खांबांवर असतो. कुडाला छपराचे ओझे नसते, त्याने फक्त वारा, ऊन आणि नजर अडवायची असते. त्यासाठी सर्वांत सोयीची वनस्पती कारवी. डोंगरउतारांवर दाट वाढणारे हे झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरून जाते; त्याच्या सरळ, हलक्या आणि बोटाएवढ्या जाडीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या लावून आडव्या बांबूच्या कांबींना बांधल्या की भिंतीचा सांगाडा तयार होतो. त्यावर दोन्ही बाजूंनी मातीचा लेप बसतो. या लेपात शेण असते आणि कित्येकदा भाताचे तूसही असते, कारण नुसती चिकण माती वाळताना आकसून तडकते, तर शेणातले आणि तुसातले बारीक तंतू तिला धरून ठेवतात. पहिला जाड थर म्हणजे लिंपण आणि पुढे वेळोवेळी त्यावर फिरणारा पातळ हात म्हणजे सारवण. लिंपण घर बांधताना एकदाच होते. सारवण मात्र घर उभे असेपर्यंत संपत नाही.

सारवलेल्या भिंतीजवळ उभे राहिले तर हाताचा फेर स्पष्ट दिसतो. तळव्याने डावीकडून उजवीकडे ओढलेल्या अर्धवर्तुळांच्या रांगा एकीवर एक चढत गेलेल्या असतात, आणि त्यांची रुंदी सारवणारीच्या हाताच्या पोचेइतकी असते. जिथे हात पुरत नाही तिथे फेर बदलतो, कोपऱ्यात तो आखूड होतो, उंबऱ्याजवळ तो बोटांनी काढलेला असतो. शहरातील अंतर्गत सजावटीत अशा पोतासाठी वेगळा कारागीर बोलावून वेगळे पैसे मोजले जातात. येथे तो पोत कामाची खूण म्हणून आपोआप उरतो आणि पुढल्या सारवणाखाली बुजून जातो. भुईचेही तसेच आहे. धुमसाने चोपून घट्ट केलेली जमीन दर काही दिवसांनी शेणाने सारवली जाते. त्या वेळी घरातली प्रत्येक वस्तू उचलावी लागते, झटकावी लागते आणि पुन्हा जागेवर ठेवावी लागते. पसारा आवरण्याची शिस्त लावण्यासाठी जी पुस्तके लिहिली जातात त्यांना हवे असलेले फळ येथे सारवणाच्या ओघात मिळून जाते. अर्थात आवरायला फारसे सामान नसते, हेही त्याबरोबरच सांगायला हवे.

घराच्या आत जे आहे ते बहुतेक सगळे कामाचे आहे आणि बरेचसे टांगलेले आहे. आढ्याला आणि वाशांना शिंकी, बियाण्याच्या गाठोड्या, मक्याची कणसे, सुकवलेले भोपळे. कोपऱ्यात बांबूची विणलेली आणि शेणाने लिंपलेली कणगी, ज्यात वर्षाचे भात साठवायचे. भिंतीशी जाते, उखळ आणि मुसळ. पावसाळ्यात खुंटीवर इरले, म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पाने रचून केलेले, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे पावसाळी पांघरूण. चुलीचा धूर बाहेर काढायला धुराडे नसते. तो छपराखाली फिरतो, गवतातून किंवा कौलांच्या फटींतून निघून जातो आणि जाता जाता बांबू-लाकडाला काळे करून किडीपासून वाचवतो, टांगलेल्या बियाण्यालाही राखतो. हाच धूर चुलीपाशी बसणारीच्या डोळ्यांना आणि छातीला बाधतो. पारंपरिक घराचे गुणगान करणाऱ्या लेखनात धुराची पहिली बाजू हमखास येते आणि दुसरी बहुधा राहून जाते.

या घरांतील भिंतीची जी गोष्ट जगभर गेली ती म्हणजे वारली चित्र. ते डहाणू आणि तलासरी या भागांच्या नावाने अधिक ओळखले गेले असले तरी जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हेही त्याचेच क्षेत्र आहे. मूळ प्रसंग लग्नाचा. लग्नघरात आतल्या भिंतीवर, बहुधा चुलीच्या बाजूला, चौक काढला जातो, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही असा संकेत आहे. चौक म्हणजे नक्षीच्या पट्ट्यांनी वेढलेली चौकोनी चौकट. तिच्या मधोमध पालघाट ही सर्जनाची, रोपाझाडांची आणि संततीची देवी दोन्ही हात पसरून उभी असते. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी येतात आणि शेजारच्या लहान चौकटीत घोड्यावर बसलेला पंचशिर्या हा देव असतो. चौक काढण्याचा मान सवासिनींचा, म्हणजे नवरा हयात असलेल्या स्त्रियांचा. आणि लग्नाचे विधी धवलेरी चालवते, जी गाणी म्हणत देवांना बोलावते व जोडप्याचे लग्न लावते. पुरोहिताचे काम स्त्रीकडे असणे ही महाराष्ट्रातील बहुसंख्य समाजांच्या दृष्टीने विरळाच गोष्ट आहे, आणि चित्राची चर्चा करताना ती सहसा तळटिपेत ढकलली जाते, हे योग्य नाही.

चित्राची सामग्री स्वयंपाकघरातून आणि शेतातून येते. भिंत आधी शेणाने सारवतात, मग गेरूचा, म्हणजे तांबड्या मातीचा हात देतात. तांदूळ भिजवून वाटतात आणि ते पीठ पाण्यात पातळ करतात. कुंचला म्हणजे बांबूची काडी, जिचे टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेले असते. या पिठाची एक खोड आहे. ओली रेघ तांबड्या भिंतीवर जवळजवळ दिसत नाही, पाणी उडून गेल्यावरच ती पांढरी होते. त्यामुळे काढणारीला पूर्ण परिणाम न पाहताच पुढची रेघ ओढावी लागते आणि मागे कुठे हात जड पडला, कुठे रेघ तुटली, हे काही मिनिटांनी कळते. खोडायची सोय नसते. मनुष्याकृतीसाठी टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचे वर्तुळ आणि हातापायांच्या रेघा एवढीच मांडणी का पुरते, याची बरीच तात्त्विक स्पष्टीकरणे दिली गेली आहेत. त्यांत या काडीचा आणि या पिठाचा वाटाही मोठा असावा, असे मानायला जागा आहे. बारीक टोकाने, अंदाजाने, थांबत थांबत काढायची आकृती अशीच होणार.

चौकाची जागाही विचारात घेण्यासारखी आहे. कुडाच्या घराला खिडक्या नसतात किंवा अगदी लहान असतात, आणि चुलीजवळची भिंत दिवसाही अंधारी असते. दिवाणखान्यातील चित्र येणाऱ्याच्या नजरेत भरावे म्हणून लावले जाते. चौक मात्र जिथे नजर पोहोचायला वेळ लागतो अशा जागी असतो, कारण तो देवीने यावे यासाठी असतो, पाहुण्यांनी पाहावे यासाठी नसतो. लग्न झाले की त्याचे काम संपते. तो पुसून काढायची घाई कुणी करत नाही आणि जपायचा खटाटोपही नाही. धूर बसतो, कोपरे झडतात, आणि पुढच्या वेळी भिंत सारवली की ते चित्र मातीत जाते.

अशी नाहीशी होणारी चित्रे ग्रंथांत आणि संग्रहालयांत कशी पोहोचली, हा या विषयाच्या इतिहासातील कळीचा भाग आहे. के. जे. सावे यांचा वारली समाजावरील ग्रंथ 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रांकडे मात्र बाहेरच्या जगाचे लक्ष वळले ते 1970 नंतरच्या वर्षांत, भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे. मुंबईत शिकलेल्या या चित्रकाराने वारली पाड्यांत राहून चित्रे काढणाऱ्यांच्या हाती कागद दिला, आणि त्यातून डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांचे काम पुढे आले. मशे यांनी प्रसंगाची वाट न पाहता रोज चित्र काढायला सुरुवात केली, हा मोठा पालट होता, आणि स्त्रियांच्या विधीतील कला पुरुषांच्या व्यवसायात गेली ती याच टप्प्यावर. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रविश्वावरील अभ्यास 1988 मध्ये आला आणि चौकाचे विधीतील स्थान त्यातून अभ्यासकांना नीट कळले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेले उत्पादन म्हणून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले.

आज या आकृत्या कपबश्या, पडदे, चादरी, रेल्वे स्थानकांच्या भिंती आणि पुण्या-मुंबईच्या सदनिकांतील प्रवेशद्वारांशेजारची जागा व्यापतात. त्याबद्दल तक्रारीचा सूर लावण्याचे कारण नाही. कागदावरील आणि कापडावरील चित्रामुळे कित्येक घरांत रोख पैसा आला आणि चित्रकारांना नाव मिळाले. एवढे मात्र नोंदवावे लागते, की त्या आकृत्यांबरोबर भिंत गेली नाही. तारपा या भोपळ्याच्या फुंकवाद्याभोवती गुंफलेला नाचाचा फेर शहरात सर्वाधिक खपतो, कारण तो कोणत्याही भिंतीवर शोभतो. पालघाटीचा चौक तितका खपत नाही, कारण त्याला लग्न, चूल आणि धवलेरी लागते.

बोहाड्याच्या मुखवट्यांचेही असेच आहे, आणि त्यांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे. होळीनंतरच्या दिवसांत मोखाडा आणि जव्हार भागांत रात्रभर चालणाऱ्या या उत्सवात देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे निघतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, भडक रंगांचे मुखवटे घालून सोंगे वाजंत्रीच्या तालावर नाचतात, आणि अमुक सोंग अमुक घराण्याचे असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. सोंगाचा मुखवटा उत्सव सरला की गुंडाळून ठेवला जातो. तो वर्षभर भिंतीवर टांगून ठेवण्याची कल्पना शहरातली आहे.

सुरुवातीला उल्लेखलेल्या सजग जगण्याच्या आधुनिक शिकवणीचा उगम बौद्ध साधनेतील स्मृतीच्या, म्हणजे पाली परंपरेतील सतीच्या अभ्यासात आहे, आणि 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी ताण कमी करण्याचा जो उपक्रम सुरू केला त्यातून ती रुग्णालयांत, कार्यालयांत आणि शेवटी गृहसजावटीच्या पुस्तकांत शिरली. महाराष्ट्राला मात्र घराच्या अंगाने हा विचार त्याच्या कितीतरी आधी परिचित झालेला होता. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे 1936 मध्ये गांधीजी राहायला गेले, तेव्हा पाचशे रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान परिसरातलेच हवे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कौले यांच्या त्या वास्तूंपैकी बापू कुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी भिंतीच्या मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठावाने काढला. भिंतीच्या द्रव्यातच सजावट करण्याची ही रीत कुडाच्या घराशी जवळचे नाते सांगते. विचारवंत इव्हान इलिच यांनी 1978 मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात याच झोपडीचा आधार घेऊन, सोयींनी आणि सामानाने भरलेले घर माणसाला कसे परावलंबी करते, हे मांडले होते. सेवाग्राम आणि मोखाडा यांत मात्र एक फरक आहे, आणि तो लहान नाही. सेवाग्रामचा साधेपणा निवडलेला होता. मोखाड्याच्या पाड्यावरील साधेपणाचा बराच भाग लादलेला आहे.

हा फरक विसरून केलेले कोणतेही कौतुक खोटे पडते. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या ज्या वेठबिगारीचे वर्णन केले आहे, तिच्यात स्वतःचे घर शाकारायलाही सावकाराच्या कामातून सवड काढावी लागे. त्यानंतरही दैन्य सरले नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न महाराष्ट्राच्या वेशीवर टांगला. ज्या घराच्या भिंतीवर सर्जनाच्या देवीला आवाहन होते त्याच घरातील कणगी पावसाळ्याच्या तोंडाशी रिकामी असू शकते. तांदळाच्या पिठाने रेघ काढणे हा अशा घरात हौसेचा खर्च नसतो, आणि नवे भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात न घालण्याच्या वारली रिवाजाचे वजनही हे लक्षात घेतल्यावरच कळते.

घरकुल योजनांनी गेल्या काही दशकांत या वस्त्यांचे रूप पालटले आहे. 1985 मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना, 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना आणि आदिवासी कुटुंबांसाठीची राज्याची शबरी घरकुल योजना यांतून वीट, सिमेंट आणि पत्र्यांची घरे उभी राहिली. सिमेंटची भिंत पावसात विरघळत नाही, वाळवीला दाद देत नाही आणि दर वर्षी हात मागत नाही. ज्या बाईने वीस वर्षे शेण-मातीत हात घातले आहेत तिने अशी भिंत मागावी यात नवल नाही, आणि तिला परंपरेचे दाखले देणाऱ्याने आधी एक उन्हाळा सारवण करून पाहावे. उन्हाळ्यात घर तापते ही तिची तक्रार असते, तीही खरी आहे. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी एकाच अंगणात दोन्ही प्रकार दिसतात: समोर पक्की खोली आणि मागे चुलीसाठी ठेवलेली कुडाची पडवी. चौकाचा प्रश्न या दोन भिंतींपैकी कोणती लग्नाची मानायची इथपर्यंत येऊन ठेपतो. सिमेंटवर तांदळाचे पीठ शेणाच्या खडबडीत पोतावर जसे धरते तसे धरत नाही. मग डिंक मिसळला जातो, किंवा बाजारातला पांढरा रंग येतो, आणि रंग आला की चित्र पुढच्या सारवणात जाण्याऐवजी वर्षानुवर्षे राहते.

निगेच्या वेळापत्रकावर याहून मोठा ताण दोन गोष्टींचा आहे. दसरा-दिवाळीनंतर भात घरात आले, की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई आणि कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर कामाला जातात आणि कोणी होळीला, कोणी थेट पावसाच्या तोंडावर परततात. भिंत बघायची, तडे बुजवायचे, छप्पर शाकारायचे ते हेच महिने. लग्नसराईही याच दिवसांत येते. दुसरी गोष्ट पाण्याची. सारवणाला माती, शेण आणि पाणी लागते, आणि मोखाड्यात चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून चढावा लागतो. याच तालुक्याच्या हद्दीत, कोचाळे गावाजवळ, मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण आहे. डोक्यावरून आणलेल्या हंड्यांपैकी किती पिण्याला, किती जनावरांना आणि किती भिंतीला, हा हिशेब घरातली स्त्री करते, आणि लग्न घरचे असेल त्या वर्षी भिंतीचा वाटा आधी काढून ठेवते.